दया आणि दाम

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशाची राजधानी मानाग्वा. 2009 साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील काही प्रवासी तेथील निराश्रित मुलांच्या आश्रयगृहात गेले असता त्या मुलांनी विणलेली रंगीत दोऱ्यांची कंकणे त्यांच्या पाहण्यात आली. त्यातूनच पुल्सेरा प्रोजेक्ट ही संस्था निघाली. स्पॅनिश भाषेत पुल्सेरा म्हणजे कंकण. अमेरिकन शाळांतील विद्यार्थी मेज मांडून, स्वतः काही मोबदला न घेता, ही कंकणे विकतात. ग्वाटेमालातील कारागिरांचा मालही पुढे त्यांत आला.

आता प्रश्न असा की, कंकणावाचून कोणाचे काही अडत नसता जो ते घेतो तो वस्तू घेतो, की विणणाऱ्याची कीव करितो? कीवच करावयाची तर हातावर पैसे ठेवावे. मध्ये दोऱ्याचे निमित्त कशाला?

आम्हांस ह्यात मोठा भेद दिसतो. भीक घालणारा काही पारखून पाहत नाही. गिऱ्हाईक मात्र गाठ ओढून पाहते, रंग निवडते, न आवडल्यास परत ठेविते. वाचकांपैकी ज्यांनी टोपल्या विणून बाजारात नेल्या आहेत, त्यांस हे पुरते ठाऊक आहे. ज्याला नको म्हणण्याची मोकळीक आहे, त्याच्याच पसंतीने कारागिराची मान वर होते. ह्या कंकणांच्या चिठ्ठीवर विणणाऱ्याचे छायाचित्र व सही असते. नुसत्या छायाचित्राने आम्ही थोडे अस्वस्थ झालो असतो, कारण गरिबाचा चेहरा दाखवून माल खपविणे सोपे आहे. पण सही कामावरच केली जाते, दैन्यावर नव्हे.

तथापि एक शंका उरतेच. 2018 च्या एप्रिलात निकाराग्वात राजकीय उठाव व दडपशाही होऊन परदेशी प्रवासी येईनासे झाले. रस्त्यावर माल मांडून बसणाऱ्या कारागिरांचे गिऱ्हाईक गेले. अशा वेळी दूरच्या शाळेतील मेज हा केवढा आधार! परंतु 2020 साली महामारीमुळे त्या शाळांचीच दारे लागली. विद्यार्थ्यांच्या मनातील सद्भाव आटला नव्हता. पण मेज कोठे मांडावे? तेव्हा परक्याच्या सद्भावावर उभा राहिलेला धंदा कितीही सचोटीचा असला, तरी त्याच्या दोऱ्या दुसऱ्याच्या हाती असतात, हे नाकारता येत नाही.

विक्रीच्या पैशांतून ही संस्था शिक्षणासही साहाय्य करिते. विकलेल्या कंकणांच्या संख्येपेक्षा आम्हांस ह्याचे मोल अधिक वाटते. कारण तरुण कारागीर उद्या विणकाम सोडून दुसरा व्यवसाय धरील, तर त्याला मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांनी वाईट वाटून घेऊ नये.