रिकामं घर कोणाचं?

भाचीच्या कादंबरीचं बाड मामांनी दोन बैठकांत वाचून काढलं. मामा चिंचपाड्याच्या झेडपी शाळेतून निवृत्त झालेले; भीड ठेवणं त्यांना जमत नाही.

मामा: तुझा नॉर्वेचा माणूस सुरत-भुसावळ लाइनवर आमच्या स्टेशनात उतरतो, म्हणतो आता नव्यानं जगायचं. परतीच्या तिकिटाचं काय?

भाची: तिथंच अडलंय. ते खिशात असलं तर सगळी लांबलेली सुट्टी. फाडायला लावू? मॅक्सीन बर्नसन बघा ना, अमेरिकेतून फलटणला आल्या, 1978 साली भारतीय नागरिकच झाल्या.

मामा: आणि 1984 मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली. पोरं वाचायला कशी शिकतील, यात त्या गुंतल्या. तुझा माणूस दिवसभर करतो काय?

भाची: डोंगर बघतो. इथली मावची बोली शिकतो.

मामा: कोणाकडून? पाड्याच्या टोकाचं कुडाचं घर तू त्याला दिलंस. दिवाळीनंतर ते रिकामं का, ते लिहिलंच नाहीस. मुकादमाची उचल घेऊन घरातले बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेत. आढ्याला मक्याची कणसं टांगलीत ना, ती बियाण्याची. तुझ्या माणसाला सजावट वाटली! ते लोक दरसाल फडात नवी झोपडी बांधतात. त्याला नवं आयुष्य म्हणतं कोणी?

(हा मामांचा ठेवणीतला डाव. सोसणाऱ्यांचं नाव निघालं की समोरचा गप्प होतो. भाची झाली नाही.)

भाची: म्हणजे मजबुरीनं गेला तो खरा आणि मर्जीनं आला तो खोटा? मर्जी हा काय गुन्हा आहे?

मामा: नाही. मर्जी सगळ्यांनाच मिळाली तर मला आनंदच आहे. पण पावसाच्या तोंडावर घरधनी परत येईल. तेव्हा तुझा माणूस कुठं जाईल?

भाची: तो भाडं देतो की! चांगलं देतो.

मामा: चांगलं दिलं तर पुढच्या साली त्यांना उचल घ्यावी लागणार नाही. ते घरीच राहतील.

भाची: आणि हा बाहेर. कमी दिलं तर घर याला मिळेल, पण ते फडात जातील. (थोड्या वेळानं) पडवीत राहिला तर? त्यांच्याबरोबर?

मामा: राहू दे की. पण मग गोष्ट त्याच्या एकट्याची उरत नाही. घरातली म्हातारी त्याच्याबद्दल काय म्हणते, तेही लिहावं लागेल. चालेल?

भाची: मला चालेल. प्रकाशकाला विचारते.