राखणदाराचा बैल

इतिहासातलं कुठलं गाव राहायला आवडेल, असं कुणी विचारलं तर मी इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरचं मागणार नाही. इ.स. १०८६ च्या डूम्सडे बुकात तिथल्या कित्येक गावांपुढे नुसता ‘ओसाड’ असा शेरा आहे. सरकारी दप्तरात इतका प्रामाणिक शेरा क्वचितच सापडतो!

पुढे शे-दोनशे वर्षांनी तिथंच पुन्हा वसलेलं एखादं गाव मनाशी उभं करा. टेकाडावर जहागीरदाराचा वाडा, खाली कुळांच्या झोपड्या. कुळानं वाड्याच्या शेतात वेठ करायची, वाड्याच्याच पाणचक्कीवर दळायचं, दळणातला वाटा तिथंच ठेवायचा. मुलीचं लग्न काढलं की वाड्यावर पैसे भरायचे. आणि कूळ मेलं की गोठ्यातलं उत्तम जनावर वाड्यावर! कशाबद्दल? तर जहागीरदार लुटारूंपासून रक्षण करतो. आता लुटारू तरी काय नेणार होते? गोठ्यातलं उत्तम जनावरच की!

मग दोघांत फरक काय? आहे, तो नाकारू नये. लुटारू कधी येईल ते सांगता येत नाही. कारभारी ठरल्या दिवशी येतो. तेवढ्या भरवशावर माणूस पेरणी करतो. पण भरवसा म्हणजे न्याय नव्हे. सौदा न्यायाचा व्हायचा तर ‘नको’ म्हणून उठून जायची मुभा हवी. कुळाला परवानगीवाचून गावही सोडता येत नव्हतं.

बैलाला तर हा फरक तेवढासुद्धा कळला नसेल.