पाहुण्यांची खार

आमच्या शेजारच्या काकू गेल्या वर्षी मुलाकडे बॉस्टनला तीन महिने राहून आल्या. परत आल्यावर आळीतल्या प्रत्येकाने त्यांना एकच प्रश्न विचारला : काय काय पाहिलेत? काकूंनी नायगारा पाहिला होता, न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता पाहिली होती, गुडघाभर बर्फही पाहिले होते. पण त्या सांगायला बसल्या की दुसऱ्याच वाक्याला गाडी खारीवर यायची. “अहो मास्तर, केवढाली खार! आणि भीती म्हणून नाही. पायाशी येते, मागच्या दोन पायांवर उभी राहते आणि छातीशी हात धरून बघत बसते. आता बोलेल असे वाटते.” त्यांच्या मोबाईलमध्ये नायगाऱ्याचे फोटो सहा होते आणि खारींचे साठाच्या वर.

मी हसलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र एक गोष्ट लक्षात आली आणि झोप लांबली. काकूंच्या परसात पेरूचे झाड आहे. त्या झाडावर बारा महिने खारी असतात आणि त्यांच्यामागे काठी घेऊन धावणाऱ्या काकूंना मी वीस वर्षे पाहत आलो आहे. सकाळच्या वेळी “मेली, पुन्हा आली!” हा आवाज ऐकू आला नाही तर काकूंना बरे नाही की काय, अशी शंका आमच्या घरात येते. मग हीच बाई सात समुद्र ओलांडून गेल्यावर एका खारीपुढे वाकून बसते, पिशवीतले शेंगदाणे तिला भरवते आणि तिच्या आठवणीने हळवी होते, हे काय गौडबंगाल आहे?

पहिले उत्तर सोपे आहे. खार दिसायलाच गोजिरवाणी. झुपकेदार शेपूट, काळेभोर डोळे, दोन्ही हातांत दाणा धरून खाण्याची ती लहान मुलासारखी पद्धत. उंदीर तिचाच भाऊबंद. दोघांचेही पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि दोघेही ते कुरतडून झिजवीत असतात. पण उंदीर रात्री येतो, चोरासारखा भिंतीकडेने जातो आणि त्याची शेपूट उघडी असते. एवढ्या फरकावर एकीला ‘ताई’ म्हणायचे आणि दुसऱ्यासाठी सापळा लावायचा. (‘उंदीरमामा’ही आपण म्हणतो, हे खरे. गणपतीपुढे मातीचा उंदीर ठेवून त्याला हळदकुंकू वाहतो आणि त्याच रात्री स्वयंपाकघरात पिंजरा लावतो. नात्याच्या शब्दांवर फार विसंबू नये.) पण हे उत्तर काकूंच्या बाबतीत लागू पडत नाही. त्यांच्या पेरूवरच्या खारीलाही शेपूट आहे, डोळे आहेत, हातही आहेत. शिवाय पाठीवर पट्टे आहेत, जे त्या अमेरिकन राखी खारीला नाहीत. रूपाच्या हिशेबाने आपली खार उजवीच ठरावी.

दुसरे उत्तर काकूंच्याच तोंडून आले, आणि ते मला अधिक खरे वाटते. त्या म्हणाल्या, “मुलगा नि सून सकाळी आठला बाहेर पडायची, नातू शाळेत. घरात मी एकटी. बागेत जाऊन बसले तर माणसे हसायची, ‘हाय’ म्हणायची आणि पुढे जायची. थांबायची ती एकटी खार. तिला माझे मराठी चालायचे.” जिथे आपले नाव कुणाला ठाऊक नाही, आपली भाषा कुणाला कळत नाही, तिथे एक रानातला जीव आपण होऊन आपल्याकडे चालत येतो. कुत्रा येतो, पण तो कुणाचा तरी असतो. त्याच्या शेपटी हलवण्यात घरच्या भाकरीचा वाटा असतो. खारीला मालक नाही. तिने दुसऱ्या बाकाकडे न जाता आपल्याकडे यावे, यात आपली निवड झाल्यासारखे वाटते. दाणा घेतला की ती निघून जाते. ऋण नाही, उपकार नाही, उद्याचे आमंत्रण नाही. परक्या गावात माणसाला एवढाच संबंध झेपतो.

पण हा विश्वास खारीने आपण होऊन टाकला काय? इथे मी थोडे वाचन केले आणि चकित झालो. याच अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियात, १७४९ साली खारी मारण्यासाठी सरकारने माणशी नव्हे, डोक्यामागे तीन पेन्स इनाम लावले होते. खारी शेतातला मका फस्त करीत. खार म्हणजे पिकाची चोर आणि बंदुकीने मारून खाण्याचा जिन्नस. आणि त्याच पेन्सिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फिया शहरात १८४७ साली फ्रँकलिन चौकातल्या बागेत तीन खारी मुद्दाम आणून सोडल्या गेल्या. त्यांच्यासाठी झाडांवर पेट्या टांगल्या, खाणे पुरवले. पुढच्या दशकात बॉस्टनने आणि न्यू हेवनने तेच केले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात १८७७ पासून त्या रुजल्या, आणि २०१८ साली हौशी मंडळींनी तिथे शिरगणती केली तेव्हा अंदाज निघाला २,३७३ खारींचा. म्हणजे काकूंना ज्या निर्भय नजरेने मोहून टाकले, ती नजर अरण्यातून आलेली नव्हती. शहराने बाक मांडावेत, कारंजे बसवावे, तशी ती बसवली गेली होती. मुलांना दगड मारू दिले नाहीत, पिढ्यानपिढ्या कुणी बंदूक रोखली नाही, तेव्हा कुठे खारीने पळणे सोडले.

आणि यामागे नुसती शोभा नव्हती. त्या काळच्या सुधारकांना वाटे की शहरातल्या पोराने खारीला हातावर दाणा दिला तर त्याच्या मनात भूतदया रुजेल. अर्नेस्ट थॉम्प्सन सीटन हा प्राणिकथा लिहिणारा लेखक. तोही, मुलांचा दांडगेपणा घालवण्यासाठी शहरोशहरी खारी आणून सोडाव्यात, अशा मताचा होता. म्हणजे खारीला आमच्यासारखी मास्तरकी दिलेली होती, तीही बिनपगारी.

मी मास्तर असल्यामुळे या योजनेवर मनापासून विश्वास ठेवावा असे मला वाटते, आणि नेमके तेच जमत नाही. त्याला कारण आहे. दहा-अकरा वर्षांचा असताना माझ्याजवळ पेरूच्या फांदीची एक उत्तम बेचकी होती. त्या दिवशी सकाळी शाळेत गुरुजींनी सेतुबंधनाची गोष्ट सांगितली होती : वाळूत लोळून अंगाला चिकटलेले कण सेतूवर झाडणारी खार, आणि तिच्या पाठीवरून फिरलेली रामाची तीन बोटे. वाल्मीकींच्या रामायणात ही गोष्ट नाही, लोकांनी ती मागाहून जोडली, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. (पाच पट्ट्यांचीही एक जात आपल्या देशात आहे, तिच्यावरून रामाने सगळा पंजाच फिरवला असावा.) गोष्ट मला फार आवडली होती. ‘खारीचा वाटा’ या वाक्प्रचाराचा मी वाक्यात उपयोगही केला होता आणि शाबासकी मिळवली होती. दुपारी घरी आलो, कौलांच्या वळचणीला खार दिसली, खडा लावला आणि सोडला. नेम क्वचितच लागे. त्या दिवशी लागला. जवळ जाऊन पाहिले तर तिच्या तोंडात कापूस होता. आजीच्या गोधडीतला, उन्हात टाकलेल्या. ती घरटे करीत होती. आजीने पाहिले, पण ती रागावली नाही. “कापूस मागितला असता तर दिला असता तिला,” एवढेच म्हणाली आणि फावडे आणून दिले. नंतर दोन दिवस आढ्यावरून दुसऱ्या खारीचा चिक् चिक् चिक् आवाज येत होता. तो आवाज त्याच कारणाचा होता असे मी म्हणणार नाही. खारी एरवीही ओरडतात. पण मी तो त्याच कारणाचा म्हणून ऐकला.

तेव्हा गोष्टीने किंवा एका दाण्याने दया रुजते असे मला म्हणवत नाही. मला जे काही शिकवले ते त्या कापसाने शिकवले, आणि असली शिकवणी कुठल्या सुधारकाला बागेत लावता येणार नाही.

इंग्लंडमध्ये या कथेची दुसरी बाजू पाहायला मिळते. १८७६ साली चेशायर परगण्यातल्या एका जमीनदाराने अमेरिकेतून राखी खारी आणून आपल्या उद्यानात सोडल्या. हौस, दुसरे काय! पुढे इतर हौशी मंडळींनीही ठिकठिकाणी सोडल्या. या खारी तिथल्या मूळच्या तांबड्या खारीचे अन्न खाऊ लागल्या आणि एक देवीसारखा रोग पसरवू लागल्या, जो त्यांना स्वतःला फारसा बाधत नाही पण तांबडीला मारतो. १९३७ साली त्या आणण्या-पाळण्यावर बंदी आली. १९५३ साली सरकारने एका शेपटीमागे एक शिलिंग इनाम लावले. जिच्यावर पाहुणे भाळतात तीच शेपूट, आणि तिचाच भाव. पाच वर्षांनी ते इनाम बंद झाले. राखी खारी संपल्या नाहीत. आज लंडनच्या बागेत पर्यटक तिला दाणे भरवीत असतात आणि उत्तरेकडच्या रानांत, जिथे तांबडी अजून तग धरून आहे, तिथे तिची निगा करणारी माणसे राखीसाठी सापळे लावीत असतात. जखमी राखी खार बरी करून पुन्हा रानात सोडणे २०१९ पासून तिथे कायद्यात बसत नाही.

या दोघांत दयाळू कोण? पाहुण्याची दया स्वस्त आहे, हे उघड आहे. त्याचे झाड सोलले जात नाही, त्याची तांबडी खार मरत नाही, संध्याकाळी तो उठून घरी जातो. सापळा लावणाऱ्याचे तसे नाही. तो रान ओळखतो, आणि एका खारीवरच्या प्रेमापोटी दुसरीला मारतो. त्याचा युक्तिवाद मला पटतो. पटतो, पण पचत नाही. शेपूट मोजून शिलिंग घेणारा हात पुढे कशाने थांबतो, हे मला माझ्या बेचकीच्या दिवसांपासून विचारावेसे वाटत आले आहे. म्हणून स्वस्त दयेला नावे ठेवायलाही माझी जीभ रेटत नाही. झाड आपले नसताना, हिशेब नसताना, निदान एवढे तरी माणसाला सुचते. अर्थात मला पेरूचे झाड नाही. एका खोलीच्या बिऱ्हाडात उदार विचार करणे सोपे असते.

परवा काकूंना मी हे विचारलेच. त्या निवांत पायरीवर बसल्या होत्या, सुपात तांदूळ होते. म्हटले, “काकू, तिकडच्या खारीला शेंगदाणे आणि इकडचीला काठी, हे कसे?” त्यांना राग आला नाही. थोडा वेळ खडे वेचत राहिल्या आणि म्हणाल्या, “तिकडे पेरू माझा नव्हता, मास्तर. आणि इकडे मला बोलायला तुम्ही आहात की सगळे.”

तेवढ्यात फांदी हलली. अर्धा खाल्लेला पेरू धप्पकन खाली पडला आणि वर बसून ती दुसरा कुरतडू लागली. काकूंनी सूप बाजूला ठेवले, काठी घेतली, दोन पावले गेल्या आणि थांबल्या. काठी काखेत धरून त्यांनी कमरेचा मोबाईल काढला, डोळे बारीक करून फोटो घेतला. “नातवाला पाठवते,” म्हणाल्या, “तो म्हणतो, आजी, तुमच्याकडच्या खारी इतक्या छोट्या कशा?” मग मोबाईल नीट आत ठेवला, पदर खोचला आणि काठी उगारून ओरडल्या, “मेली, पुन्हा आली!”