वऱ्हाडचे देव आणि लायलसाहेब

पुढे १८८२ ते १८८७ या काळात वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर झालेले सर आल्फ्रेड लायल हे १८६७ पासून काही वर्षे पश्चिम वऱ्हाडचे कमिशनर होते, आणि आज यवतमाळ जिल्ह्यात मोडणारा पुसद तालुका तेव्हा बाशीम जिल्ह्यात असल्यामुळे त्यांच्याच अंमलाखाली होता. १८७० चे वऱ्हाड गॅझेटियर सिद्ध करणाऱ्या या विद्वान अधिकाऱ्याने जमाबंदीच्या दप्तराबरोबर येथील दैवतांचाही तपास केला, आणि वऱ्हाडच्या धर्मावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले की, बांधावरचा शेंदूर फासलेला दगड, गावासाठी पडलेला वीर, समाधिस्थ साधू, यांच्या पूजनातूनच कालांतराने थोरली दैवते घडत जातात.

निरीक्षण मार्मिक खरे. पुष्कळ साहेबांना तो दगड दिसलाही नव्हता. बंजाऱ्यांच्या तांड्यांत त्यांचे संत सेवालाल महाराज यांची भक्ती पाहिली म्हणजे मनुष्य देवपदास पोहोचतो, हे नाकारता येत नाही. परंतु देव कसा घडला हे कळल्याने तो मिथ्या ठरतो काय? जो शेतकरी दगड दगडच आहे हे ठाऊक असूनही पेरणीपूर्वी तेथे नारळ फोडतो, त्याच्या श्रद्धेचे प्रामाण्य त्या दगडाच्या इतिहासावर अवलंबून नसते. दैवतांच्या उत्पत्तीचा लायल यांनी केलेला तपास बव्हंशी ग्राह्य आहे. मात्र त्या दैवतांच्या सत्यासत्यतेचा निवाडा त्या तपासातून निघत नाही.