देहूरोडचा बुद्धविहार

देहूरोड हे पुण्याजवळचं छावणीचं उपनगर. इथून बहुतेक जण तुकोबांच्या देहूकडे वळतात. त्यांना तिथे जाऊ द्या, मीही जातो. पण इथल्या बुद्धविहाराकडे फार थोड्यांची पावलं वळतात, याची मला मनापासून खंत वाटते.

कारण २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः इथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्याच महिन्यात ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला जाऊन आले होते, मूर्तीही तिथलीच. नागपूरची धम्मदीक्षा अजून जवळजवळ दोन वर्षं पुढे होती. म्हणजे लाखोंच्या त्या सोहळ्याआधी एक पाऊल या शांत वस्तीत पडलं होतं.

तारीखही मनात घोळत राहते. १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृतीचं दहन झालं होतं. तेव्हा जे नाकारलं, त्याच्या जागी काय स्वीकारायचं, याचं उत्तर शोधायला त्यांनी किती वाचलं, किती विचार केला! घाईनं धर्म बदलणारा हा माणूस नव्हता.

तुकोबांच्या गावाशेजारी उभं राहून त्या दिवशी ते पंढरीच्या विठोबाबद्दलही बोलले. ती मूर्ती मुळात बुद्धाचीच, असं त्यांचं मत होतं. ते पटो न पटो, विठ्ठलाला आणि बुद्धाला एका वाक्यात आणणारं ते धाडस मला फार मोलाचं वाटतं.

प्रकृती साथ देत नव्हती, तरी बुद्धाचा धम्म साध्या भाषेत सांगणारा ग्रंथ आपण लिहीत आहोत, असं त्यांनी तिथे जमलेल्यांना सांगितलं. तो ग्रंथ त्यांनी पुरा केला. १९५७ साली छापून आला, तेव्हा ते नव्हते.