संजयाला कोण पोसणार?

दूरदर्शनवरच्या ‘महाभारत’ मालिकेनं मराठी घरांत संजयाची एक प्रतिमा कायमची बसवून टाकली आहे. हस्तिनापूरच्या महालात धृतराष्ट्राशेजारी बसायचं, नजर शून्यात लावायची आणि कुरुक्षेत्राचं थेट प्रक्षेपण ऐकवायचं. व्यासांच्या ग्रंथातल्या संजयाची नोकरी इतकी सुखाची नाही. भीष्मपर्वात तो रणांगणावरून धावत येतो आणि आधी सांगतो की भीष्म पडले. दहा दिवसांची लढाई तो मागाहून उलगडतो. द्रोण पडल्यावर तेच, कर्ण पडल्यावर तेच. शल्यपर्वात सात्यकी त्याला जिवंत पकडतो आणि मारायला तलवार उपसतो. तेवढ्यात व्यास येतात, याला सोडा म्हणतात, म्हणून तो वाचतो. चिलखत उतरवलेला, निःशस्त्र आणि रक्तानं माखलेला संजय संध्याकाळच्या वेळी एकटाच नगराची वाट धरतो.

थोडक्यात, तो युद्धवार्ताहर होता, आणि राजाला नको असलेलीच बातमी दरवेळी आणत होता.

व्यासांनी दिव्यदृष्टी आधी खुद्द धृतराष्ट्राला देऊ केली होती. आपल्याच माणसांचा संहार डोळ्यांनी बघवणार नाही, पण ऐकायचं आहे, असं तो म्हणाला. मग ती दृष्टी संजयाला मिळाली आणि तिच्यासोबत आणखी एक वर मिळाला: शस्त्रं त्याला इजा करणार नाहीत, श्रम त्याला बाधणार नाहीत. हा वर नीट पाहण्यासारखा आहे. बातमी आणणाऱ्याला नुसते डोळे देऊन भागत नाही, त्याला संरक्षणही द्यावं लागतं, हे त्या ऋषीला युद्धाला तोंड लागण्याआधीच कळलेलं होतं. प्रश्न एवढाच की व्यास नसतील तिथे हे संरक्षण द्यायचं कोणी? आणि तो कोणाचा धर्म?

आधुनिक जगानं त्या वराची एक कागदी नक्कल केली आहे. जिनिव्हा करारांना १९७७मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक करारातलं ७९वं कलम सांगतं की युद्धक्षेत्रात काम करणाऱ्या पत्रकाराला नागरिक मानावं आणि नागरिकासारखंच संरक्षण द्यावं. प्रत्यक्षात काय होतं ते गाझात दिसलं. परदेशी पत्रकारांना इस्रायलनं तिथे स्वतंत्रपणे जाऊ दिलं नाही, त्यामुळे सगळा भार स्थानिक पॅलेस्टिनी पत्रकारांवर पडला. न्यूयॉर्कच्या ‘कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स’ या संस्थेनं १९९२पासून नोंदी ठेवल्या आहेत. त्या सबंध काळात पत्रकारांसाठी इतकं जीवघेणं युद्ध दुसरं नाही, असं ती संस्था सांगते.

युक्रेनची पत्रकार विक्टोरिया रोश्चिना हिला सोडवायलाही कोणी आलं नाही. रशियानं ताब्यात घेतलेल्या भागात लोक कसे जगतात हे लिहिण्यासाठी ती तिथे गेली आणि ऑगस्ट २०२३मध्ये बेपत्ता झाली. सप्टेंबर २०२४मध्ये रशियाच्या कैदेत तिचा मृत्यू झाला, तेव्हा ती २७ वर्षांची होती. फेब्रुवारी २०२५मध्ये मृतदेहांची देवाणघेवाण झाली, त्यात तिचा देह परत आला. त्यावरच्या चिठ्ठीत ‘अनोळखी पुरुष’ अशी नोंद होती.

संजयाच्या बाजूनं बोलायला गेलं की एक जुना आक्षेप हमखास पुढे येतो. देश संकटात असताना सगळं खरं सांगायलाच हवं का? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, आणि महाभारतानंही तो उडवून लावलेला नाही. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कौशिकाचं व्रत होतं सत्य बोलण्याचं. लुटारूंच्या भीतीनं काही माणसं त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपली. लुटारूंनी विचारलं, कौशिकानं जागा दाखवली, माणसं मारली गेली. आयुष्यभर खरं बोलून कौशिक नरकात गेला. युद्धकाळात सैन्याच्या हालचाली छापू नयेत, क्षेपणास्त्र कुठे पडलं याचं नेमकं ठिकाण लगेच दाखवू नये, असे निर्बंध असतात. ते याच गोष्टीच्या पोटातून येतात. कीव्हमधले स्वतंत्र पत्रकारही हे निर्बंध पाळतात, आणि त्यात काही गैर नाही.

पण त्याच ग्रंथात युधिष्ठिरही आहे. अश्वत्थामा मेला, असं तो मोठ्यानं म्हणतो आणि हत्तीचा उल्लेख ओठातल्या ओठात उरकतो. द्रोण शस्त्र ठेवतात, पांडवांचं काम होतं. तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी इतरांच्या रथांसारखा मातीला टेकतो. जिंकण्यासाठी बोललेलं अर्धसत्य व्यासांनी खपवून घेतलं, पण फुकट सोडलं नाही.

मग एखादी बातमी कौशिकाची की संजयाची, हे ठरवायचं कसं? कसोटी सोपी आहे. ती कोणाच्या कानावर जाते आणि त्यानं कोण उघडं पडतं, ते बघायचं. लपलेला माणूस मारेकऱ्याच्या हाती लागत असेल तर ते कौशिकाचं सत्य. राज्यकर्त्याची चूक त्याच्याच प्रजेपुढे येत असेल तर ते संजयाचं.

ही कसोटी जानेवारी २०२३मध्ये एका अंड्यावर लागली. युरी निकोलोव्ह हे युक्रेनमधले शोधपत्रकार. सरकारी खरेदीचे कागद उपसणं हा त्यांचा धंदा. ‘झेर्कालो तिझ्न्या’ या प्रकाशनात त्यांनी संरक्षण मंत्रालयाचा एक करार मांडला. सैनिकांच्या जेवणाचा हा करार सुमारे १३ अब्ज रिव्नियांचा होता, आणि त्यात एका अंड्याचा दर लावला होता १७ रिव्निया. कीव्हच्या दुकानात तेच अंडं सातच्या आसपास मिळत होतं. आपल्या तेव्हाच्या हिशेबात, सोळा रुपयांचं अंडं सरकारनं ३८ रुपयांना घेतलं. बटाट्याची गत वेगळी नव्हती.

मंत्रालयानं आधी हात झटकले. ही दिशाभूल आहे, दर लिहिताना तांत्रिक चूक झाली, असा खुलासा आला. पाश्चात्त्य देशांकडे रणगाडे मागायचे दिवस होते. अशा वेळी आपल्याच भ्रष्टाचाराची बातमी छापणं म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणं, असं म्हणणारेही कमी नव्हते. पण आठवड्याच्या आत उपमंत्री व्याचेस्लाव शापोवालोव्ह यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात संसदेनं अशा खरेदीचे दर उघड करणं बंधनकारक केलं. सप्टेंबरात संरक्षणमंत्री ओलेक्सी रेझ्निकोव्ह यांनाही जावं लागलं. खंदकातल्या सैनिकाचं यात नुकसान झालं नाही. त्याच्या ताटावर डल्ला मारणाऱ्यांचं झालं. निकोलोव्ह यांना मात्र किंमत मोजावी लागली. जानेवारी २०२४मध्ये काही अनोळखी माणसं त्यांच्या घराच्या दारावर धडका देऊन गेली. ते घरी नव्हते, आई होती. दारावर त्यांना गद्दार ठरवणाऱ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

सीमेपलीकडे, रशियात, हा वाद घालायलाही जागा उरली नाही. ४ मार्च २०२२ रोजी तिथे कायदा झाला: सैन्याबद्दल ‘खोटी’ माहिती पसरवली तर १५ वर्षांपर्यंत कैद. खोटी काय ते सरकार ठरवणार. ‘नोवाया गाझेता’ हे पत्र त्याच महिन्यात बंद पडलं. त्याचे संपादक दिमित्री मुरातोव्ह यांना काही महिन्यांपूर्वीच शांततेचं नोबेल मिळालं होतं. त्यांनी ते पदक लिलावात काढलं आणि आलेले दहा कोटी डॉलरहून अधिक पैसे विस्थापित युक्रेनी मुलांसाठी युनिसेफला दिले.

‘मेदुझा’ची कहाणी पैशाच्या अंगानं जास्त बोलकी आहे. गालिना तिमचेन्को यांना मॉस्कोतल्या ‘लेंता’ या वृत्तस्थळाच्या संपादकपदावरून काढल्यावर त्यांनी २०१४मध्ये लाटव्हियाच्या रीगा शहरात हे रशियन भाषेतलं माध्यम सुरू केलं. ते जाहिरातींवर चाललं होतं. एप्रिल २०२१मध्ये रशियन सरकारनं त्याच्यावर ‘परदेशी हस्तक’ असा शिक्का मारला आणि जाहिरातदार रातोरात पळाले. तेव्हा वाचक पुढे आले. तीस हजारांच्या आसपास लोक आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी देऊ लागले. मग युद्ध सुरू झालं, निर्बंधांमुळे रशियातून बाहेर पैसे पाठवण्याचे मार्ग बंद झाले आणि ही वर्गणी एका झटक्यात थांबली. मेदुझानं जगभरच्या लोकांना विनंती केली की या तीस हजारांच्या जागी तुम्ही उभे राहा. जानेवारी २०२३मध्ये तिला ‘अनिष्ट संघटना’ ठरवण्यात आलं. आता रशियातल्या माणसानं तिला पैसे पाठवणं हा फौजदारी गुन्हा आहे.

एखाद्या वर्तमानपत्राची वर्गणी भरली म्हणून तुरुंगात टाकणारी राजवट त्या वर्गणीची ताकद ओळखून असते. वाचकालाच ती तितकीशी कळलेली नसते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणं कर्तव्य आहे म्हणून, योग्य जागी, योग्य वेळी, पात्र माणसाला आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं ते सात्त्विक. मोबदल्यावर डोळा ठेवून, कुरकुरत दिलेलं ते राजस. अयोग्य जागी, अपात्राला, अवमान करून दिलेलं ते तामस. आपल्याकडे ही विभागणी अन्नछत्रापर्यंत आणि देवळाच्या दानपेटीपर्यंत पोचली, छापखान्याच्या दारापर्यंत फारशी पोचली नाही. बातमीच्या बाबतीत मात्र ती नेमकी लागू पडते. जाहिरातदाराचा पैसा राजस, त्यानं ते कधी लपवलेलं नाही. परदेशी सरकारांचं अनुदानही राजसच, कारण त्यामागे धोरण असतं आणि धोरण बदलतं. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी परदेशी मदत थांबवली. तिच्यावर विसंबून असलेल्या युक्रेनमधल्या असंख्य छोट्या माध्यमांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांत आघाडीजवळच्या शहरांतली स्थानिक वृत्तस्थळं होती. आपल्या गल्लीत पाणी कधी येणार आणि कोणती शाळा पाडली गेली, हे सांगणारी.

तेव्हा ‘कीव्ह इंडिपेंडंट’ या इंग्रजी माध्यमानं खार्किव्ह, मिकोलाइव्ह आणि सुमी इथल्या तीन लहान वृत्तसंस्थांसाठी लोकांकडे झोळी पसरली. हे माध्यम स्वतःच अशाच संकटात जन्मलेलं. नोव्हेंबर २०२१मध्ये ‘कीव्ह पोस्ट’च्या मालकानं सगळ्या संपादकीय मंडळाला एका दिवसात घरी बसवलं, तेव्हा त्यातल्या तीसेक जणांनी ते सुरू केलं. तीन महिन्यांत युद्ध उभं ठाकलं. आज जगभरातले हजारो सभासद त्याला दरमहा पैसे देतात, आणि बातम्या मात्र पैसे न देणाऱ्यांनाही वाचता येतात. देणाऱ्याला वेगळी बातमी मिळत नाही. गीतेची अट इथे कोणी न सांगता पाळली गेली आहे.

हे सगळं दूर देशीचं आहे, असं मराठी वाचकानं म्हणू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन भरात, ऑगस्ट १९४२च्या अखेरीस, मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून जागा सतत बदलत. चिमूर आणि आष्टी इथल्या अत्याचारांची हकिगत, जी छापायला वर्तमानपत्रं धजत नव्हती, ती या रेडिओनं लोकांना ऐकवली. १२ नोव्हेंबरला छापा पडला, उषाबाईंना चार वर्षांची सजा झाली. त्या प्रक्षेपकामागे पैसा आणि सामग्री देणारी माणसं होती, यंत्रं पुरवणारे नानक मोटवानी होते. तेव्हाच्या सरकारच्या लेखी हे सारे युद्धप्रयत्नांत खो घालणारे देशद्रोही होते.

आणि मे २०२५ची ती रात्रही फार जुनी नाही. भारत-पाकिस्तान संघर्षात ८ मेच्या रात्री अनेक भारतीय वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या, इस्लामाबाद पडल्याच्या बातम्या दिल्या. लोक जागून त्या बघत होते. सकाळी त्यांतलं काहीच खरं निघालं नाही. त्याच दिवसांत वाचकांच्या देणग्यांवर चालणारं ‘द वायर’ हे संकेतस्थळ सरकारी आदेशानं काही काळ बंद होतं.

धृतराष्ट्राचे दोष सांगायला बसलं तर यादी लांबेल. पण त्याच्या बाजूनं एक गोष्ट नोंदवायला हवी. शंभर मुलगे मारले गेल्याची बातमी हप्त्याहप्त्यानं ऐकत असताना तो मूर्च्छित पडला, रडला, संजयावर चिडलाही. पण त्याला कामावरून काढलं नाही आणि दुसरा, गोड बोलणारा संजय आणला नाही. ऐकून शहाणपण मात्र त्याला आलं नाही, हा वेगळा भाग.

आजच्या वाचकाला निवड आहे. नको असलेला संजय तो एका बोटानं बंद करू शकतो. म्हणून वर्गणी देण्याआधी त्यानं एकच तपासून बघावं: हे माध्यम ज्या बाजूला उभं आहे, त्या बाजूला न रुचणारी बातमी त्यानं शेवटची कधी छापली? समाधानकारक उत्तर मिळालं तर वर्षाचे पैसे भरावेत, आणि पुढे कधी आपल्यालाच झोंबणारी बातमी आली म्हणून ते थांबवू नयेत.