सुटलेला दगड आणि थांबलेला हात



मुलांच्या धम्मवर्गात अंगुलिमालाची गोष्ट सांगून झाली आणि एका मुलीने विचारले, "काका, तो चांगला झाला होता ना? मग त्याला दगड का लागले?"

मज्झिम निकायातल्या अंगुलिमाल सुत्तात हा प्रसंग आहे. भिक्खू झाल्यावर तो श्रावस्तीत भिक्षेला गेला. कुणी फेकलेले ढेकूळ, काठी, खापरी त्याला लागली. डोके फुटले, भिक्षापात्र फुटले, चीवर फाटले. भगवंतांनी त्याला ते सहन करायला सांगितले.

मुलगी शाळेत न्यूटन शिकते आहे, म्हणून तिच्याच धड्यातून उत्तर शोधू लागलो.

ढकलणे थांबले की वस्तू आपोआप थांबते, असे ॲरिस्टॉटलच्या काळापासून मानले जाई. गॅलिलिओने हा समज हलवला आणि 1687 मध्ये न्यूटनने नियमच मांडला: बाहेरून बल लागले नाही, तर चालती वस्तू त्याच वेगाने सरळ चालत राहते. जमिनीवरचा चेंडू थांबतो तो घर्षणामुळे. आपोआप काहीच थांबत नाही. हेच जडत्व.

फेकलेल्या दगडाचेही तसेच. हातातून सुटेपर्यंत वेग आणि दिशा आपल्या स्वाधीन. सुटल्यावर आडवा वेग जडत्वाने टिकतो, गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते आणि वाट अन्वस्त होते, हे गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात दाखवले. पाच मीटर उंचीवरून आडवा फेकलेला दगड, हवेचा विरोध सोडला तर, साधारण एका सेकंदात जमिनीला लागतो, मग तो हळू फेका की जोरात. तेवढ्यात फेकणाऱ्याचे मन बदलले तरी दगडाला ते कळत नाही.

मला माझा एक दगड आठवला. या देशात नवीन असताना ऑफिसात जेवायच्या टेबलावर एका भारतीय सहकाऱ्याने आरक्षणावर विनोद केला. सगळे हसले. मीही हसलो. समोर आपल्याच समाजातला एक तरुण बसला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि डबा बंद केला. आज मी तसा हसणार नाही. पण ते हसू माझ्या तोंडून सुटले होते, आणि ते त्याला कुठे आणि किती लागले हे मला कधीच कळले नाही.

मग बदलून उपयोग काय? अंगुलिमालाची गोष्ट दोन गोष्टी सांगते. पुढचा दगड हातातून सुटू न देणे, हे आपल्या हातात आहे. भगवंतांनी कर्माला चेतना म्हटले ते याचसाठी. चेतना हातात असते, दगड सुटल्यावर नसते. आणि आधी सुटलेल्याचे परिणाम आपल्यावर येतील तेव्हा उलट दगड न उचलणे. इथे मागच्या जन्माचा हिशोब नाही. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला, कारण त्याने पीडितालाच दोषी ठरवले जाते. अंगुलिमालाने जे केले ते याच आयुष्यात, सर्वांच्या डोळ्यांदेखत केले होते.

जडत्वाचा धडा आपल्या समाजालाही लागू पडतो. "परदेशात जात आपोआप विरेल," असे आपल्यातले काही जण म्हणतात. हा ॲरिस्टॉटलचा समज झाला. चालत्या गाडीतून उतरणाऱ्याच्या अंगात गाडीचा वेग असतोच. विमानातून उतरणारा माणूसही आडनाव विचारायची सवय सोबत आणतो. हिंदू बाहेर पडले तर जात जगाचा प्रश्न होईल, हा इशारा बाबासाहेबांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात नोंदवला होता. 2023 मध्ये सिएटल शहराला जातीय भेदभावाविरुद्ध कायदा करावा लागला. असे बल लावल्याशिवाय ही गती मोडत नाही.

मनाचेही तसेच. 14 ऑक्टोबर 1956 ला दिलेल्या बावीस प्रतिज्ञा एकदा म्हणून संपत नाहीत. पंचशील आपण पुन्हा पुन्हा घेतो, कारण जुनी सवय रोज आपल्याच दिशेने ओढते.

मुलीला मी एवढेच सांगितले: "दगड आधीच सुटले होते, बाळा. त्याचा हात मात्र थांबला होता." ती म्हणाली, "मग त्याने ज्यांना मारले, त्यांच्या घरच्यांचे काय?"

त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. त्या तरुणाचा नंबर मात्र मी शोधतो आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!